‘तसं’ होतं तेव्हाच बीपी मोजा

भाताची रोपं वीतभर झालीत, आणखी पंधरा-वीस दिवसांत लावणीला सुरुवात होईल. एकदा लावणी लागली की घरात रेडिओ ऐकायला कुणी उरत नाही, म्हणून आजचा विषय आम्ही मुद्दाम तिच्या आधी घेतला आहे. या विषयाचा लावणीशी थेट संबंधही आहे, तो पुढे सांगतो.

बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की खऱ्या गप्पा सुरू होतात. कुणाचे गुडघे, कुणाची पाळी, कुणाची सून. त्या गप्पांत एक वाक्य आम्ही वरचेवर ऐकतो, “ताई, मला मधूनच तसं होतं.” तसं म्हणजे कसं, असं खोदून विचारलं की बाई सांगते. छातीत एकदम धडधडायला लागतं. डोकं फुटेल असं ठणकतं. दरदरून घाम येतो, ब्लाउज भिजतो. हात थरथरतात, आणि आता आपण मरणार अशी भीती वाटते. दहा-वीस मिनिटांनी, कधी तासाभरानं, सगळं आपोआप ओसरतं आणि बाई उठून भाकरी थापायला बसते. दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी बरी, बीपी बरं. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. आता टेन्शन घेऊ नका म्हटल्यानं कुणाचं टेन्शन गेलंय का आजवर?

आधीच सांगून ठेवतो म्हणजे कुणी घाबरायला नको. असं होणाऱ्या बहुतेक बायांना ओळखीतलंच काहीतरी असतं. पाळी जायचं वय असतं, थायरॉइड असतो, अंगात रक्त कमी असतं, मधुमेहाच्या गोळीनं साखर उतरलेली असते, किंवा खरंच मनावर ओझं असतं. मनावरचं ओझं हाही आजारच आहे आणि त्यालाही उपचार आहेत. पण या सगळ्या बायांत क्वचित एखादी अशी निघते, जिच्या पोटात, किडनीच्या डोक्यावर, एक गाठ असते. आज बोलायचंय ते तिच्याबद्दल. कारण बाकीच्यांना उशीर झाला तर त्रास वाढतो, हिला उशीर झाला तर जीव जाऊ शकतो. आणि गाठ वेळेवर सापडली तर बहुतेक वेळा ही बाई पूर्ण बरी होते. बीपीच्या फार थोड्या कारणांबद्दल असं म्हणता येतं.

आपल्या दोन किडन्या असतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्या प्रत्येकीच्या वर टोपी घातल्यासारखी एक छोटी ग्रंथी असते. वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे सोनाराकडच्या एखाद्या अंगठीएवढं. शाळेच्या पुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, डॉक्टर ॲड्रिनल म्हणतात. ताम्हिणीच्या बाजूच्या मैत्रिणींना लगेच कळेल असं उदाहरण देतो. सरपणाला गेलात आणि समोर बिबट्या आला, तर काय होतं? काळीज धडधडतं, अंगाला घाम सुटतो, तोंड पांढरं पडतं, आणि एरवी न चालणारी बाई धूम पळत सुटते. हे करतं ॲड्रिनॅलिन, आणि ते या ग्रंथीच्या आतल्या भागातून रक्तात येतं. बिबट्या गेला की ते थांबतं. त्या भागात गाठ झाली तर तिला बिबट्या लागत नाही. ती तिच्या मर्जीनं, कधी रोज, कधी महिन्यातून एकदा, ॲड्रिनॅलिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रिनॅलिन रक्तात सोडते. बीपी दोनशेच्या वर जातं. थोड्या वेळानं उतरतं, आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत पुरावा नाहीसा होतो.

या गाठीचं नाव आहे फिओक्रोमोसायटोमा. नाव पाठ करायची गरज नाही, आम्हालाही ते आठवडाभर घोकावं लागलं. हीच गाठ किडनीजवळ न होता मणक्याच्या बाजूला, मानेत किंवा मूत्राशयात झाली तर तिला पॅरागँग्लिओमा म्हणतात. मूत्राशयात असेल तर लघवीला बसलं की त्रास होतो. गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. पण साधी गाठ असूनही ती मारू शकते, कारण धोका तिच्या पसरण्यात नसून ती जे रक्तात ओतते त्यात असतो. मोठा लोंढा सुटला तर मेंदूत रक्तस्राव होतो, हृदय दमतं, फुप्फुसात पाणी भरतं.

आजार दुर्मीळ आहे. दहा लाख लोकांत वर्षाला दोन ते आठ नवे रुग्ण, असा जगभरचा अंदाज आहे. आपल्या मुळशी तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास होती. हिशेब आपल्याला नवा नाही. वर्षाला एखादी, नाहीतर तीन वर्षांत एखादी व्यक्ती आपल्याच तालुक्यात निघायला हवी. तेवढ्या निघालेल्या आपण ऐकल्यात का? आम्ही तर ऐकल्या नाहीत. मग बाकीच्या कुठे गेल्या, हा प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही.

आता लावणीचा संबंध. या गाठीवर दाब आला की ती उचल खाते. वाकलं की, जड उचललं की, शौचाला जोर केला की, कुणी पोट दाबलं की. आणि बाईमाणसानं वाकून, ओणवं राहून, चिखलात दिवसभर करायचं काम कोणतं? आमच्या एका गटातल्या बाईला नेमकं तिथंच तसं व्हायचं. गाव सांगत नाही, तिनंच सांगू नका म्हटलंय. वय चौतीस. लावणीच्या ओळीत वाकली की अर्ध्या तासात डोकं धरून बांधावर बसायची. घाम असा की पावसात भिजलीय की घामानं, कळायचं नाही. घरी बसून तांदूळ निवडताना काही नाही. मग लोक काय म्हणणार? कामाच्या वेळीच बरं हिला होतं! इर्जिकीच्या बायांनी तिला ओळीत घेणं बंद केलं. सासू म्हणाली, नाटक आहे. चुलतसासू म्हणाली, बाहेरचं आहे. उतारा झाला, अंगारा झाला. डोळे मोठे करून, थरथरत बसलेली बाई पाहून कुणी म्हणालं, हिच्या अंगात येतं, आणि दोघी-तिघींनी तिच्या पाया पडून घेतलं. देवीवर आमची श्रद्धा आहे, ती असू द्या. पण देवी कुणाचं बीपी वाढवत नाही, आणि अंगात आलेल्या बाईचं बीपी मोजलं म्हणून देवी रागावणारही नाही.

एका गोष्टीवर इथं जरा जोर देतो. तसं झालं की आपल्याकडे पोट चोळायची पद्धत आहे. बेंबी सरकली म्हणतात, नाभी बसवून देतात. कुशीत गाठ असलेल्या बाईचं पोट चोळणं म्हणजे गळका पंप हातानं दाबण्यासारखं आहे. पोटाला हात लावू नका. तिला टेकून बसवा, कपडे सैल करा, वारा लागू द्या.

त्या बाईची दोन वर्षं अशीच गेली. पुढे वेगळ्याच कारणासाठी, पित्ताशयातल्या खड्यांसाठी, तिचं ऑपरेशन ठरलं. रुग्णालय कोणतं ते महत्त्वाचं नाही. आधीच्या तपासणीत बीपी ठीक होतं, म्हणून टेबलावर घेतलं. भूल दिल्याबरोबर बीपी दोनशेचाळीसवर गेलं, नाडी दीडशेच्या पुढे. भूलतज्ज्ञ बाई अनुभवी होत्या. त्यांनी सर्जनना सांगितलं, चिरा देऊ नका, हे साधं नाही. बीपी उतरवलं, बाईला जागं केलं, आणि नवऱ्याला बाहेर बोलावून पहिल्यांदा कुणीतरी तो प्रश्न विचारला, “हिला मधूनच धडधड, घाम, डोकेदुखी असं एकदम होतं का?” नवरा म्हणाला, दोन वर्षं होतंय, पण ते टेन्शनचं आहे ना?

मैत्रिणींनो, बायांची ऑपरेशनं आपल्याकडे किती सहज ठरतात ते तुम्हाला माहीत आहे. कुटुंबनियोजनाचं, पिशवीचं, खड्यांचं. भूल आणि ऑपरेशन हे या गाठीला डिवचणाऱ्या मोठ्या कारणांपैकी आहेत. म्हणून कोणत्याही ऑपरेशनच्या आधी, विचारलं नाही तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपणहून सांगायचं की मला मधूनच तसं होतं. लाजायचं नाही. ऑपरेशन पुढे ढकलतील ही भीती वाटली तरी सांगायचं.

काही औषधंही हिला डिवचतात. उलटी थांबवायचं मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन, स्टेरॉइडची इंजेक्शनं, सर्दीनं बंद झालेलं नाक मोकळं करायच्या काही गोळ्या. आणि सगळ्यात फसवी म्हणजे धडधड कमी करायची गोळी. बीटा-ब्लॉकर म्हणतात त्या जातीची गोळी या रुग्णाला आधी एकटीच दिली तर बीपी उतरण्याऐवजी उसळू शकतं. आता यावरून कुणी आपली चालू गोळी बंद करू नका. लाखो लोकांना तीच गोळी जीवदान देते, आणि ती एकदम सोडणंही धोक्याचं असतं. पण धडधडीची नवी गोळी सुरू झाली आणि त्रास उलट वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

निदान कसं होतं? यात फार मोठी यंत्रं पहिल्यांदा लागत नाहीत. चोवीस तासांची लघवी एका डब्यात गोळा करायची, डबा आणि सूचना प्रयोगशाळा देते. त्यात मेटानेफ्रिन नावाचे पदार्थ मोजतात. ॲड्रिनॅलिन शरीरात मोडलं की त्यातून ते तयार होतात. किंवा रक्तात मोजतात, त्याआधी बाईला थोडा वेळ शांत झोपवून ठेवतात. आकडा बराच वाढलेला निघाला की मग सीटी स्कॅन नाहीतर एमआरआय, गाठ कुठे आहे ते पाहायला. क्रम असाच असतो, आधी लघवी किंवा रक्त, मग चित्र. उलटंही घडतं बरं का. पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये किडनीच्या वर गाठ असं आलं. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पण त्यात सुई घालून तुकडा काढायचं ठरलं, तर त्याआधी विचारायचं, “डॉक्टर, हिची मेटानेफ्रिनची तपासणी झाली का?” सुई टोचली तरी ही गाठ लोंढा सोडते. हा एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेलात तरी चालेल, डॉक्टर रागवत नाहीत. रागावले तर रागावू देत.

आमच्या त्या बाईची तपासणी झाली, आकडा कितीतरी पट निघाला, उजव्या बाजूला चार सेंटिमीटरची गाठ सापडली. मोठं लिंबूच म्हणा. घरच्यांनी विचारलं, मग लगेच काढून का नाही टाकत? इथं घाई चालत नाही. आधी अल्फा-ब्लॉकर नावाची औषधं, प्राझोसिन किंवा फिनॉक्सिबेंझामिन, साधारण एक ते दोन आठवडे देतात. आकसलेल्या रक्तवाहिन्या त्यानं सैल होतात. सोबत भरपूर पाणी प्यायचं आणि, ऐकून आश्चर्य वाटेल, मीठ वाढवून खायचं, कारण सैल झालेल्या नळ्यांत भरायला रक्ताचं पाणी कमी पडतं. बीपीच्या बाईला डॉक्टर मीठ खा म्हणताहेत म्हणून सासूबाई पुन्हा म्हणाल्या, डॉक्टरलाच कळत नाही! नाडी जास्त असेल तर त्यानंतर धडधडीची गोळी सुरू करतात, आधी नाही. मग दुर्बिणीतून गाठ काढतात. नंतर एक-दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवतात, कारण इतके दिवस ॲड्रिनॅलिनवर चाललेलं शरीर एकदम रिकामं होतं, बीपी आणि साखर दोन्ही उतरू शकतात.

गाठ काढायची कला तशी जुनी आहे. १९२६ साली स्वित्झर्लंडमध्ये रू आणि अमेरिकेत मेयो या सर्जननी अशी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली, तेव्हा ना ही औषधं होती ना अशी भूल. ओळखायची कला मात्र अजून कच्ची आहे, आणि ती फक्त खेड्यातच कच्ची आहे असं समजू नका. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना वर्षानुवर्षं बीपीचा त्रास होता, हाताशी देशातले उत्तम डॉक्टर होते. १९६९ साली ते वारले, आणि शवविच्छेदनात ॲड्रिनलमध्ये दीड सेंटिमीटरची हीच गाठ सापडली. राष्ट्राध्यक्षांची राहून जाते, तर लावणीच्या ओळीतल्या बाईची राहून गेली यात नवल नाही.

आपल्याकडे हार्मोनच्या आजारांचे डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. मुंबईच्या केईएम रुग्णालयातला त्यांचा विभाग डॉ. नलिनी शाह यांनी अनेक वर्षं सांभाळला, वाढवला. महापालिकेचं रुग्णालय, राज्यभरातून रुग्ण येतात. या विभागातल्या डॉक्टरांनी २०१६ साली या गाठीच्या १५० भारतीय रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात साधारण दर तिघांत एकाला ही गाठ जन्मजात जनुकीय दोषामुळे झालेली आढळली. म्हणजे आईबापाकडून आलेली, भावंडांत आणि मुलांतही असू शकणारी.

हे ऐकल्यावर आम्हाला एका मुलीची गोष्ट पुन्हा वाचावीशी वाटली. जर्मनीत फ्रायबर्ग गावच्या रुग्णालयात मिना रोल नावाची अठरा वर्षांची मुलगी दाखल झाली होती. एकाएकी धडधड, डोकेदुखी, घाबरं होणं. ती वाचली नाही. शवविच्छेदनात दोन्ही ॲड्रिनलमध्ये गाठी मिळाल्या, आणि फेलिक्स फ्रँकेल या डॉक्टरनं १८८६ साली ते लिहून प्रसिद्ध केलं. या आजाराची ती पहिली नोंद मानतात. पुढे सव्वाशे वर्षांनी, २००७ साली, डॉक्टरांनी तिच्या नातेवाइकांच्या आजच्या पिढीचा शोध घेतला, आणि त्यांच्यात तोच जनुकीय दोष सापडला. मुलगी गेली, पण लिहून ठेवलेला कागद तिच्या घरच्यांच्या कामी आला.

आमच्या बाईला एंडोक्रायनॉलॉजिस्टनी विचारलं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? तिची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली होती. बीपी वाढलं, झटके आले, एवढंच घरच्यांना माहीत. कागद एकही नाही. ती कशानं गेली ते आता कधीच कळणार नाही. गरोदरपणात बीपी वाढून झटके येणं हा वेगळा, बराच जास्त आढळणारा आजार आहे, आणि बहुधा तेच असेल. पण ही गाठही गरोदरपणात तशीच दिसते, आणि ओळखली गेली नाही तर आई आणि बाळ दोघांनाही धोका मोठा असतो. आधी ओळखली तर दोघंही वाचतात. फरक करायला काही खुणा आहेत. नेहमीचा गरोदरपणातला बीपी साधारण पाच महिने भरल्यावर सुरू होतो, पायाला सूज येते, लघवीतून प्रथिनं जातात. बीपी त्याआधीच वाढलेलं असेल, लघवी स्वच्छ असेल, आणि मधूनच धडधड-घामाची लाट येत असेल, तर नर्सताईंना सांगून मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागायची. आशाताई ऐकत असतील तर त्यांनीही हे लक्षात ठेवावं.

बाईची जनुकीय तपासणी झाली, दोष निघाला. आता तिच्या दोन मुलांची तपासणी व्हायची आहे. थोरली अकरावीत आहे. ती म्हणाली, मला आत्ताच करायचीय, दहावीचा निकाल तरी कुठे चुकवता आला होता?

मग आपण गावात काय करायचं? एकच काम, आणि ते आपल्याला जमतं. तसं होतं तेव्हाच, त्या दहा मिनिटांत, बीपी मोजायचं. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा उपकेंद्रात पोचेपर्यंत लाट ओसरते, आणि धरणाच्या पलीकडच्या वाड्यांतून तर पोचायलाच अर्धा दिवस जातो. म्हणून यंत्र गावात हवं. दंडाला बांधायचं बॅटरीवरचं यंत्र दोन-अडीच हजारांत येतं. मनगटाचं घेऊ नका, ते फसवं असतं. आमच्या तीन गटांनी व्याजाच्या पैशातून एकेक घेतलं. एका गटात बराच वाद झाला, की कर्ज द्यायचे पैसे यंत्रात कशाला. झाला तो बरं झालं, वाद होऊन घेतलेली वस्तू नीट सांभाळली जाते. यंत्र आशाताईंकडून एकदा ताडून घ्या.

सोबत वही. तारीख, वेळ, तेव्हा काय करत होती, बीपीचे दोन्ही आकडे, नाडी, किती मिनिटांनी ओसरलं. आणि चेहऱ्याचा रंग लिहा. पाळी जायच्या वयात उष्णतेची लाट येते तेव्हा चेहरा लाल होतो. या गाठीच्या लाटेत तो बहुधा पांढराफटक पडतो. ओसरल्यावर तासाभरानं पुन्हा मोजा. वहीत एका वेळी ११८ आणि दुसऱ्या वेळी २१० असं दिसलं, की ती वही दाखवल्यावर डॉक्टर ‘टेन्शन’ म्हणत नाहीत. हे आम्ही पाहिलंय. बाईच्या बोलण्यावर विश्वास बसत नाही, आकड्यावर बसतो. वाईट वाटतं, पण आकडा तर आकडा. आकडा १८० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा हातपाय लुळा पडला असेल, तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. रेंज नसेल तर कुणाला टेकाडावर पाठवायचं हे आजच ठरवून ठेवा. गाडीत तिला डोकं उंच करून बसवा. आणि हो, तिशीच्या आतल्या मुलीचं बीपी सारखं वाढलेलं असेल, किंवा तीन-तीन गोळ्यांनीही कुणाचं उतरत नसेल, तर लाट येवो न येवो, का वाढतंय असं विचारलंच पाहिजे. पिरंगुटच्या कंपनीत लागताना मुलींची तपासणी होते, तो कागद घरी आला की वाचत जा.

पैशाचं म्हणाल तर तपासण्या खासगीत महाग पडतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना विचारा, या ऑपरेशनला मंजुरी कुठे मिळेल. १५५३८८ या नंबरावरही विचारता येतं. आमच्या बाईचं ऑपरेशन मोठ्या सरकारी रुग्णालयात झालं. त्याआधीच्या खासगी तपासण्यांना गटातून अंतर्गत कर्ज दिलं, हप्ते चालू आहेत.

ॲड्रिनलच्या बाहेरच्या भागातही गाठी होतात, त्यांचं थोडक्यात. एकीत पोटॅशियम उतरून हातपाय लुळे पडतात आणि बीपी वाढतं. दुसरीत चेहरा गोल सुजतो, पोटावर जांभळे पट्टे उठतात, हाडं ठिसूळ होतात. ही दुसरी काढल्यावर, किंवा दोन्ही ॲड्रिनल काढाव्या लागल्यावर, शरीराला कॉर्टिसॉल गोळीतून द्यावं लागतं. ती गोळी एक दिवसही चुकवायची नाही. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुप्पट करायची. उलट्या होऊन गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शनसाठी तडक रुग्णालयात जायचं. अशा बाईच्या पर्समध्ये तसं लिहिलेला कागद हवा, कारण बेशुद्ध पडल्यावर तिला सांगता येत नाही. सांधेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्या महिनोन्‌महिने खाऊन एकदम बंद केल्या तर धडधाकट ॲड्रिनलवाल्या बाईवरही हीच पाळी येते. त्या पुड्यांवर पुढे एक पूर्ण कार्यक्रम करणार आहोत, कारण त्या घेणाऱ्या आमच्या गटातच डझनभर आहेत.

आमच्या बाईच्या ऑपरेशनला आता वर्ष होईल. बीपीची एकही गोळी चालू नाही. गाठ पुन्हा होऊ शकते म्हणून वर्षातून एकदा लघवीची तपासणी आयुष्यभर करायची आहे. यंदा इर्जिकीच्या बायांनी तिला ओळीत घेतलंय. चुलतसासूंना मात्र अजून वाटतं की उताऱ्यानंच गुण आला, आणि त्यावर आम्ही वाद घालत नाही.

येत्या पंधरवड्यात गटाच्या बैठकींना आम्ही यंत्र घेऊन येतो आहोत. प्रत्येकीनं दंडाला पट्टा कसा बांधायचा ते स्वतः करून पाहायचं, नुसतं बघायचं नाही. सासूबाईंना सोबत आणा, नवऱ्यांनाही आणा. ‘तसं’ होईल तेव्हा पट्टा बांधायला घरात दुसरं कुणीतरी लागतं.